अळणी जेवणारी मथी

खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे सातबांध नावाचं एक गाव होतं. त्या गावात भात पिकायचा थोडा आणि मीठ पिकायचं फार. भरतीचं पाणी बांधाआड कोंडायचं, उन्हात तापवायचं, एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात सरकवत न्यायचं आणि शेवटच्या वाफ्यात खडे धरले की ओढून रास घालायची, हे तिथल्या माणसांचं काम. सातबांधचं मीठ पांढरंशुभ्र असायचं. राजधानीच्या बाजारात लोक गावाचं नाव घेऊन ते मागायचे. ही गोष्ट सातबांधच्या माणसांना फार चांगली ठाऊक होती, आणि परगावच्या पाहुण्याला ती चार वेळा ऐकवल्याशिवाय ते त्याला पाणीसुद्धा देत नसत.

या गावात एक रीत होती. मीठ मचव्यात, म्हणजे मालाच्या मोठ्या होडीत, भरण्याआधी रास चाखायची. रास चाखण्याचा मान जोमाच्या घराकडे होता. त्याच्या आज्यानं चाखली, बापानं चाखली, आता जोमा चाखत होता. तो राशीतला एक खडा उचलायचा, जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचा आणि मग मोठ्यानं म्हणायचा, "भरा!" तोपर्यंत कुणी टोपलीला हात लावत नसे.

अशा या जोमाला एकच मुलगी होती. तिचं नाव मथुरा, पण सगळे तिला मथी म्हणायचे. मथी नऊ वर्षांची होती, आणि ती मीठ खात नव्हती.

भात अळणी, पेज अळणी, आमटी नकोच. ताजा मासा पानात गुंडाळून नुसता वाफवला तर खाईल. सुकट आणि खारा मासा ताटाजवळ आणला तरी ताट घेऊन दुसऱ्या कोपऱ्यात जाईल. कैरी खाईल तीही मिठाशिवाय, तोंड वेडंवाकडं करत, पण आनंदानं.

आता खाण्याच्या खोडी काय एकट्या मथीलाच होत्या? गावातले वयोवृद्ध हाशाबुवा, त्यांचा नातू माशाचं फक्त शेपूट खायचा. शेजारची एक मुलगी हंडीच्या तळाची करपलेली खरपुडी मिळाल्याशिवाय जेवायला बसत नसे. एक पोरगं तर भाकरीचा वरचा पापुद्रा तेवढा सोलून खायचं आणि खालची भाकरी आईला परत करायचं. त्यांचं सगळ्यांना कौतुक होतं. "आमच्या पोराचं असलं बाई जगावेगळं!" असं म्हणत आया हसायच्या. पण मिठागरांच्या गावात मीठ नाकारणं म्हणजे गावाचं नाक कापणं. आणि तेही रास चाखणाऱ्याच्या मुलीनं!

मथीच्या आईला, राहीला, गावातल्या बायकांनी नाना उपाय सांगितले. एकीनं सांगितलं, चिमूटभर मीठ हळूच पेजेत टाक, पोरीला कळायचंही नाही. राहीनं टाकलं. मथीनं एक घोट घेतला, वाटी खाली ठेवली आणि आईकडे बघत राहिली. राहीनंच मान खाली घातली. मग दुसरीनं सांगितलं, दोन दिवस उपाशी ठेव, झक मारत खाईल. मथी दोन दिवस उपाशी राहिली. तिसऱ्या दिवशी राहीलाच रडू फुटलं, आणि तिनं स्वतःच्या हातानं अळणी पेज भरवली. उपाय सांगणाऱ्या बाया त्या दोन दिवसांत आपापल्या घरी पोटभर जेवल्या होत्या, हे सांगायला नको.

"असू दे गो बाय," राही म्हणाली. "तुला नाय आवडत तर नाय आवडत."

जोमाला मात्र हे सोसत नव्हतं. तो वाईट माणूस नव्हता. मुलीवर त्याचा जीव होता. पण चार माणसांत त्याला तिची लाज वाटायची. गावजेवण असलं की तो मथीला घरी ठेवायचा. कुणी विचारलं, "पोर कुठं हाय?" तर म्हणायचा, "पोटात दुखतंय तिच्या." वर्षात इतक्या वेळा त्या पोरीचं पोट दुखलं की लोक तिला औषध सुचवू लागले.

एका वर्षी राजाकडून निरोप आला. राजवाड्याच्या कोठारासाठी वर्षभराचं सगळं मीठ सातबांधहून घ्यायचं ठरलं होतं. लोणची, पापड, सांडगे, पंगती, सगळ्याला हेच मीठ. राजाचे कोठारी नारोपंत स्वतः येऊन मीठ पाहणार होते आणि अमावस्येच्या उधाणाला मचवे निघणार होते. बारा राशी मीठ हवं होतं.

गावात आनंदाला उधाण आलं. पण राशी होत्या सात. पावसाळा तोंडावर आला होता आणि आणखी पाच राशी पिकवायच्या होत्या. तेव्हा गावानं एक घाई केली.

मीठ ओढून झालं की वाफ्यात खाली थोडं पाणी उरतं. ते कडू असतं. ते बांध फोडून बाहेर सोडायचं, वाफा कोरडा करायचा आणि मगच नवं पाणी घ्यायचं, असा वाडवडलांचा शिरस्ता. त्यात चार-पाच दिवस जातात. यंदा ते दिवस नव्हते. हाशाबुवा म्हणाले, "एक बार नाय सोडलं पानी तर काय होतंय?" सगळ्यांनी जोमाकडे पाहिलं. जोमा गप्प राहिला. त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ लोकांनी हो असा घेतला, आणि जोमानं तो तसा घेऊ दिला. जुन्या पाण्यावरच नवं पाणी चढलं. पाच राशी उभ्या राहिल्या. दिसायला पांढऱ्याशुभ्र.

अमावस्येला पाच दिवस उरले असताना नारोपंत आले. गोरेपान, गुटगुटीत गृहस्थ, तोंडात सदा पानाचा विडा. त्यांच्यामागे आठ मचवे खाडीत येऊन थांबले. सारा गाव बांधावर जमला. जोमानं धुतलेलं धोतर नेसलं होतं. त्यानं पहिल्या सात राशींतला एकेक खडा चाखला. मग पुढच्या पाच. नेहमीसारखंच खारट. जन्मभर मिठात राबलेल्या माणसाच्या ओठांवर मीठ, मिशांत मीठ, घामातही मीठ. त्याच्या जिभेला वेगळं काही लागलं नाही. नारोपंतांनी विडा एका गालात सारून एक खडा तोंडात टाकला आणि "वा! उत्तम!" म्हणाले. विड्यामुळे त्यांना त्या वेळी गूळ दिला असता तरी ते उत्तमच म्हणाले असते.

इतक्यात त्यांची नजर गर्दीच्या पुढे आलेल्या मथीवर गेली. मचवे बघायला म्हणून ती घरातून निसटून आली होती.

"ही कुणाची मुलगी?" पंतांनी विचारलं.

"माझी," जोमा पुटपुटला.

"अरे वा! चाखणाऱ्याची लेक! मग शेवटची रास हिनंही चाखायची. ये बाळ." आणि पंतांनी शेवटच्या राशीतला एक खडा तिच्या तळहातावर ठेवला.

राहीनं तोंडावर पदर धरला. मथीनं खड्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. मग जिभेचं टोक खड्याला लावलं आणि लगेच थुंकली.

"कडू हाय," ती म्हणाली.

मग हाशाबुवा पुढे झाले. "पंत, पोरीचं मनावर घेऊ नका. ती मीठ खातच नाय. जन्मात खाल्लं नाय. तिला काय कलतं?"

"मीठ खात नाही?" पंत विडा चावायचे थांबले. "चाखणाऱ्याची मुलगी?"

मागे कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. इतकी वर्षं चारचौघांत झाकलेली गोष्ट राजाच्या माणसासमोर उघडी पडली. जोमाचे कान लाल झाले. त्याला वाटलं, ही जमीन दुभंगावी.

पंत भले गृहस्थ होते. त्यांनी हात झटकले. "जाऊ दे हो, पोरच ते. मी चाखलं, तुम्ही चाखलंत. म्हणा 'भरा' आणि लागू द्या माणसं कामाला."

सगळ्यांनी टोपल्या उचलल्या. जोमानं तोंड उघडलं. एकच शब्द बोलायचा होता. तो बोलला असता तर गावाचा मान राहिला असता, त्याचा मान राहिला असता, आणि मथीचं हसं तेवढं झालं असतं. पण मथी त्याच्याकडे बघत होती. रडत नव्हती, रुसलेली नव्हती. आपण खरं ते सांगितलं, आता बा काय करतो, एवढंच बघत होती. आणि जोमाला ते न सोडलेलं पाणी आठवलं.

त्यानं तोंड मिटलं. तो राशींकडे गेला आणि तीन खडे उचलून आणले. एक पहिल्या राशीतला, एक पाचव्या राशीतला, एक दहाव्या राशीतला. दिसायला तिन्ही सारखे. कोणता कुठला हे त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. तो मथीसमोर गुडघ्यांवर बसला.

"बाय माझे, चाख. घाई नाय."

मथीनं मन घट्ट केलं. एक चाखला. तोंड आवळलं, पण थुंकली नाही. "खारट." दुसरा चाखला. "खारट." तिसरा जिभेला लागताच तिनं नाक मुरडलं. "ह्यो कडू."

तो दहाव्या राशीतला होता. जोमानं पुन्हा खडे आणले, राशी बदलून. पुन्हा तिनं बरोबर सांगितलं. तिसऱ्यांदा आणले. तिसऱ्यांदाही एक चूक नाही. आता हसणं थांबलं होतं. शेपूट खाणाऱ्या नातवाच्या खांद्यावर हात ठेवून उभे असलेले हाशाबुवा म्हणाले, "जिनं कधी मीठ खाल्लं नाय तिच्या शब्दावर गावाची मेहनत फुकट घालवनार का तू?"

जोमा उभा राहिला. "आपन रोज खातो, बुवा. खाऊन खाऊन आपली जीभ मेली हाय. हिची जित्ती हाय." मग तो पंतांकडे वळला. त्याचा आवाज बांधाच्या टोकापर्यंत ऐकू गेला. "पंत, चूक माझी हाय. शेवटच्या पाच राशींच्या वक्ताला वाफ्यातलं जुनं पानी सोडलं नाय. मना ठावं होतं, मी गप्प बसलो. आनि आनखी एक सांगतो. ही माझी लेक मीठ खात नाय. इतकी वरसं मी हिला लोकांपासून लपवली. आज हिनं मना वाचवलं. ह्या पाच राशी मी भरू देनार नाय."

नारोपंतांनी विडा थुंकला, पाण्यानं चूळ भरली आणि शेवटच्या राशीतला एक खडा पुन्हा तोंडात टाकला. बराच वेळ ते जीभ फिरवत राहिले. मग त्यांचं तोंड कसनुसं झालं.

"मुलगी खरं बोलते," ते म्हणाले. "या मिठाचं लोणचं घातलं असतं तर महाराजांनी माझंच लोणचं घातलं असतं. पण जोमा, मला बाराच्या बारा राशी हव्यात. अमावस्येला मचवे सुटतील, भरलेले किंवा रिकामे. रिकामे गेले तर पुढच्या वर्षापासून राजवाड्यात दुसऱ्या गावाचं मीठ येईल."

पाच दिवस होते. कडू मीठ चांगलं करायचा एकच उपाय जुन्या माणसांना माहीत होता. चांगल्या वाफ्यातलं दाट खारं पाणी घ्यायचं आणि मीठ त्यात टोपलीनं बुचकळून काढायचं. दाट पाण्यात मीठ विरघळत नाही, पण त्याला चिकटलेला कडवटपणा धुऊन जातो. मग निथळत ठेवायचं. काम सोपं, पण राशी पाच. आणि पुरेसं धुतलं गेलं की नाही हे सांगणार कोण? साऱ्या गावात त्या कामाची एकच जीभ होती.

मथीला कुणी हुकूम केला नाही. जोमानं विचारलं, "करशील?" तिनं थोडा विचार केला आणि मान डोलावली.

गावानं जिवाचं रान केलं. बायका-पुरुष कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले. हाशाबुवासुद्धा टोपली घेऊन उतरले, आणि त्यांचा नातूही. टोपल्या बुचकळल्या जात होत्या, ओतल्या जात होत्या, आणि प्रत्येक नव्या ढिगापाशी मथी येत होती. एक खडा जिभेवर ठेवायची. "अजून कडू," म्हणाली की माणसं एक शब्द न बोलता पुन्हा धुवायला लागायची. "झालं," म्हणाली की ढीग निथळायला जायचा. मग ती राहीनं दिलेल्या अळणी पेजेनं चूळ भरायची आणि पुढच्या ढिगाकडे जायची. जी गोष्ट तिला जगात सगळ्यांत नावडती होती, ती तिनं दिवसातून साठ वेळा तोंडात घेतली.

तिसऱ्या दिवशी तिची जीभ सोलवटली. डोळ्यांना पाणी आलं. राही म्हणाली, "पुरे गो आता. नाय झेपत तर सोड."

"अजून दोन राशी हायत, आये," मथी म्हणाली.

"आवडाया लागलं की काय तुला मीठ?" जोमानं थट्टेनं विचारलं, कारण त्याला रडू येत होतं आणि ते लपवायचं होतं.

"नाय रे बा. अजिबात नाय आवडत," मथी म्हणाली. "पन कलतं ना मना."

जोमा तिथेच उभा राहिला. त्याच्या मनात आलं, मी खडा चाखतो तेव्हा सगळे माझ्याकडे बघतात म्हणून मला चाखायला आवडतं. हिला आवडत नाही, तरी ही चाखते. आपल्या घरातला मान आता आपल्यापेक्षा मोठ्या माणसाकडे आहे, असं त्याला वाटलं आणि ते वाटताना त्याला जराही वाईट वाटलं नाही.

अमावस्येच्या सकाळी शेवटचा ढीग तयार झाला. नारोपंत आले, आज विडा न खाता. जोमानं खडा उचलला नाही. त्यानं मथीकडे पाहिलं. तिनं चाखलं, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "चांगलं हाय." पंतांनीही चाखलं आणि मान डोलावली.

"भरा!" जोमा ओरडला. तो इतक्या जोरात कधीच ओरडला नव्हता.

दुपारपर्यंत बारा राशी मचव्यांवर चढल्या. उधाणाला अजून वेळ होता. गावानं पंतांना जेवायला थांबवून घेतलं. बांधावरच केळीची पानं मांडली. पंगतीत पंतांच्या एका बाजूला जोमा बसला, आणि जोमाच्या बाजूला मथी. गावजेवणाच्या पंगतीला बसण्याची तिची ती पहिली वेळ. पान कसं पुसायचं, हेही ती शेजारी बघून करत होती.

पंगतीत सगळ्यांत आधी मीठ वाढतात. वाढपी मिठाचं भांडं घेऊन निघाला. पंतांच्या पानावर चिमूट, जोमाच्या पानावर चिमूट. मथीपाशी आला आणि घुटमळला. सगळी पंगत त्या हाताकडे बघू लागली. हाशाबुवाही मान लांब करून बघत होते.

जोमानं आपला हात मथीच्या पानावर आडवा धरला.

"हिच्या पानावर मीठ नको," तो सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाला. "ही माझी लेक मथुरा. ही अळणी जेवते. हिचा भात वेगला शिजवलाय, तो आना."

राही उठली, अळणी भाताचं भांडं घेऊन आली आणि तिनं मथीच्या पानावर भाताची मूद घातली. मथीला कडकडून भूक लागली होती. पंतांनी पहिला घास घ्यायच्या आधीच तिनं जेवायला सुरुवात केली, आणि त्या दिवशी तिला कुणीही टोकलं नाही.

तात्पर्य: मुलाची आवड आपल्यापेक्षा वेगळी आहे म्हणून त्याला लपवू नये आणि मोडून काढू नये. जे आपल्याला कळत नाही ते त्याला कळत असेल, तेव्हा त्याचं ऐकावं आणि चारचौघांत अभिमानानं त्याला आपलं म्हणावं.